चिप्स कमी असताना कसं खेळायचं? पोकरचा 'शॉर्ट स्टॅक' आणि आपलं छोटं दुकान



आजचा विषय बघून काही जण म्हणतील, "सर, हे काय? धंद्याच्या चॅनलवर पत्ते?" थांबा जरा. आधी माझ्या दुकानाची एक गोष्ट सांगतो, मग पत्त्यांकडे येऊ. तुम्हाला जुगार शिकवायचा नाहीये, हे आधीच स्पष्ट करतो. पण कमी पैसे हातात असताना निर्णय कसा घ्यायचा, हे मला पोकरच्या गणिताने जितकं नीट समजलं, तितकं बीबीएच्या तीन वर्षांत समजलं नव्हतं.

माझं स्टेशनरीचं दुकान. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझ्या हातात दीड लाख रुपये होते. भाडं, पोऱ्याचा पगार, लाइट बिल हे सगळं विक्रीच्या नफ्यातून जाऊन वर दर महिन्याला साधारण १५ हजार खिशातून जात होते. म्हणजे दहा महिन्यांची शिल्लक. मी ठरवलं, "आत्ता काही करायचं नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतील, तेव्हा सीझन मारू." आणि मी वाट बघत बसलो.

मे संपला तेव्हा हातात ३० हजार उरले होते. तेवढ्यावर होलसेलवाल्या शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, "तीस हजारात काय काय देऊ तुला? फेब्रुवारीत लाख घेऊन आला असतास तर अर्धा माल उधारीवर दिला असता, भावही तोडून दिला असता." तेव्हा कळलं. मी काही चूक केली नव्हती, काही उधळलं नव्हतं. फक्त बसून राहिलो होतो. आणि बसून राहण्याचेच १ लाख २० हजार लागले होते.

पोकरच्या टेबलावर नवीन खेळाडूचं नेमकं हेच होतं. कसं, ते बघू.

आधी टेबल समजून घ्या

आपण बोलतोय 'नो-लिमिट होल्डेम' या प्रकाराबद्दल. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांना अंदाज येईल, पण फरक आहे. इथे प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, जे फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक. आपले दोन आणि टेबलावरचे पाच, या सातातून सगळ्यात चांगले पाच पत्ते म्हणजे आपला डाव. दोन पत्ते मिळाल्यावर एकदा आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. 'नो-लिमिट' म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स कधीही एका फटक्यात लावता येतात. त्यालाच ऑल-इन म्हणतात.

आता महत्त्वाचा शब्द, 'ब्लाइंड'. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. इथे अर्थ वेगळा आहे. प्रत्येक डावाला दोन खेळाडूंनी पत्ते मिळण्याआधीच सक्तीने चिप्स टाकायच्या असतात. एकाने छोटा ब्लाइंड, दुसऱ्याने मोठा ब्लाइंड. समजा ५० आणि १००. ही पाळी फिरत राहते. नऊ जणांचं टेबल असेल तर नऊ डावांत प्रत्येकाच्या १५० चिप्स जातातच, एकही पत्ता खेळला नाही तरी. स्पर्धेत तर ठरावीक वेळाने हे ब्लाइंड वाढत जातात.

थोडक्यात, ब्लाइंड म्हणजे दुकानाचं भाडं. शटर उघडा की बंद ठेवा, ते द्यायचंच. आणि घरमालक दरवर्षी वाढवतो, तसं टेबलही वाढवतं.

चिप्स मोजू नका, मोठे ब्लाइंड मोजा

नवीन माणूस म्हणतो, "माझ्याकडे १००० चिप्स आहेत." हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मोठा ब्लाइंड १० असेल तर तुमच्याकडे १०० ब्लाइंड आहेत, तुम्ही राजा आहात. मोठा ब्लाइंड १०० असेल तर फक्त १० आहेत. चिप्स त्याच, परिस्थिती पूर्ण वेगळी.

म्हणून पहिली सवय: आपल्या चिप्सना मोठ्या ब्लाइंडने भागायचं. ढोबळ पायऱ्या अशा धरा.

• २५ च्या वर: श्वास घ्यायला जागा आहे. थोडं रेझ करून बघणं, पुढचे पत्ते बघून निर्णय घेणं जमतं.

• साधारण १२ ते २५: सावध व्हा. छोटे पत्ते घेऊन 'बघूया काय येतं' हे बंद.

• १२ च्या खाली: हाच खरा शॉर्ट स्टॅक. इथे बहुतेक वेळा दोनच पर्याय उरतात, फोल्ड किंवा ऑल-इन. मधलं काही नाही.

डॅन हॅरिंग्टन या अमेरिकन खेळाडूने आपल्या पुस्तकांतून असाच एक आकडा लोकप्रिय केला, त्याला 'एम' म्हणतात. आपल्या चिप्स भागिले एका फेरीचा पूर्ण खर्च. आपल्या उदाहरणात १००० भागिले १५०, म्हणजे साडेसहाच्या आसपास. याचा अर्थ, काहीही न खेळता तुम्ही साडेसहा फेऱ्या टिकाल. माझ्या दुकानाचा 'एम' ऑक्टोबरमध्ये १० होता आणि मेअखेर २. पण मी बघत होतो फक्त बँकेतला आकडा.

ऑल-इन का? हे गणित नीट वाचा

लोकांना वाटतं ऑल-इन म्हणजे मर्दानगी. तसं नाही. कमी चिप्स असताना ऑल-इन हा बऱ्याचदा सगळ्यात शांत निर्णय असतो. कारण त्यात जिंकायचे दोन रस्ते आहेत. एक, समोरचे सगळे फोल्ड करतात आणि मधल्या चिप्स तुमच्या. दोन, कुणी कॉल केला तरी तुमचे पत्ते जिंकू शकतात.

उदाहरण घ्या. तुमच्याकडे १००० चिप्स, ब्लाइंड ५० आणि १००. तुमच्याआधी सगळ्यांनी फोल्ड केलं. तुम्ही मध्यम पत्त्यांवर ऑल-इन केलंत. अशी परिस्थिती १०० वेळा आली असं धरू. त्यातल्या ७० वेळा दोघांनी फोल्ड केलं आणि ३० वेळा मोठ्या ब्लाइंडवाल्याने कॉल केला. कॉल करणारा चांगले पत्ते घेऊनच येणार, म्हणून त्या ३० पैकी तुम्ही फक्त १० वेळा जिंकता असं समजा.

• ७० वेळा १५० चिप्स मिळाल्या: १०,५०० फायदा.

• १० वेळा कॉल होऊन जिंकलात, प्रत्येकी १०५०: १०,५०० फायदा.

• २० वेळा हरलात, प्रत्येकी १०००: २०,००० तोटा.

एकूण १००० चिप्स फायद्यात. म्हणजे कॉल झाल्यावर तीनात दोनदा हरूनसुद्धा निर्णय नफ्याचा ठरला. आता हेच पत्ते, पण समोरचा दरवेळी कॉल करतो असं धरा. १०० पैकी ३३ वेळा जिंकलात, ६७ वेळा हरलात. ३४,६५० मिळाले, ६७,००० गेले. ३२ हजारांच्या वर तोटा!

पत्ते बदलले नाहीत. फरक एकच, समोरचा सोडून देण्याची शक्यता. तिला पोकरमध्ये 'फोल्ड इक्विटी' म्हणतात. शॉर्ट स्टॅकची खरी संपत्ती ही आहे. चिप्स तर कमीच आहेत.

ही संपत्ती दिसत नाही आणि दिसत नसतानाच संपते

आता समजा तुम्ही माझ्यासारखे वाट बघत बसलात. "चांगले पत्ते येतील, मग खेळू." दोन फेऱ्या गेल्या, ३०० चिप्स गेल्या, उरल्या ७००. तेवढ्यात ब्लाइंड वाढून १०० आणि २०० झाले. १० ब्लाइंडचे साडेतीन झाले.

आता तुम्ही ऑल-इन केलंत तर मोठ्या ब्लाइंडवाला काय विचार करतो ते बघा. आधी, तुमच्याकडे १००० असताना, त्याला आणखी ९०० टाकावे लागले असते आणि मध्ये होते ११५०. साधारण ४४ टक्के जिंकायची खात्री असेल तरच कॉल परवडतो. म्हणून तो बरेच पत्ते सोडून देतो. आता त्याला फक्त ५०० टाकायचे आहेत आणि मध्ये आहेत १०००. तेहतीस-चौतीस टक्के पुरेत. तो जवळजवळ काहीही घेऊन कॉल करणार आणि त्याचं बरोबरच आहे.

म्हणजे ७०० चिप्स असून तुमच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही. शेठसमोर माझे ३० हजार तसेच होते. लाख रुपये टेबलावर ठेवणाऱ्याचं गिऱ्हाईक हातातून जाऊ नये असं समोरच्याला वाटतं. ३० हजारवाल्याचं तसं काही वाटत नाही.

नवीन खेळाडूची सगळ्यात मोठी चूक हीच. तो चुकीच्या पत्त्यांवर मरत नाही. दहा ब्लाइंड असताना करायची गोष्ट तो तीन ब्लाइंड उरल्यावर करतो.

कुठे बसलाय, यावर पत्ते ठरतात

"मग कोणत्या पत्त्यांवर ऑल-इन करायचं?" हा पुढचा प्रश्न. उत्तर फक्त पत्त्यांत नाही, तुमच्यानंतर किती जण बोलायचे बाकी आहेत यात आहे. आठ जण बाकी असतील तर त्यातल्या एखाद्याकडे तगडे पत्ते असण्याची शक्यता जास्त. दोघेच बाकी असतील तर कमी.

दहाएक ब्लाइंड असताना, आणि तुमच्याआधी सगळ्यांनी फोल्ड केलेलं असताना, नवशिक्याने ढोबळ असं चालावं.

• सुरुवातीच्या जागा: सत्त्याची किंवा त्यावरची जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम. बाकी फोल्ड.

• मधल्या जागा: याला आणखी थोड्या लहान जोड्या, एक्का-दश्शी, राजा-राणी जोडा.

• शेवटची जागा, म्हणजे बटण: कुठलीही जोडी, जवळजवळ कुठलाही एक्का, राजासोबत मोठा पत्ता, राणी-गुलाम.

• छोटा ब्लाइंड आणि समोर एकच माणूस: याहूनही मोकळेपणाने.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एकाच रंगाचे सात-आठ किंवा छोटी जोडी घेऊन कॉल करणं, ही मोठ्या भांडवलवाल्याची चैन आहे. छोटी जोडी घेऊन तीन पत्ते बघितले तर तिसरा जोडीदार येण्याची शक्यता साधारण साडेआठात एकदा. १०० ब्लाइंडवाला दरवेळी ३ ब्लाइंड खर्च करून वाट बघू शकतो, कारण लागलं तर समोरच्याचे १०० मिळू शकतात. तुमच्याकडे १० असतील तर एका प्रयत्नाला ३० टक्के भांडवल गेलं आणि तिसरा प्रयत्न झाल्यावर तुम्ही संपलात. लागलं तरी जास्तीत जास्त १०च मिळणार.

आपल्याकडे किती नवीन दुकानदार 'ट्रायल म्हणून' पाच-सहा नव्या वस्तू थोड्या थोड्या भरतात! मोठ्या दुकानाला ते जमतं. छोट्याचे पैसे त्यातच अडकतात.

नवशिक्याच्या तीन ठरलेल्या चुका

पहिली: अर्धवट रेझ. १००० चिप्स असताना ३०० चा रेझ करायचा आणि कुणी ऑल-इन केलं की घाबरून सोडायचं. मोठ्या ब्लाइंडवाल्याने ऑल-इन केलं असेल तर तुम्हाला ७०० टाकून मधले १३५० मिळायची संधी आहे. ३४ टक्के पुरतात. म्हणजे गणिताने बहुतेक वेळा तुम्ही कॉल करायलाच हवा. मग शेवटी सगळं लावायचंच होतं तर आधी का नाही लावलं? आधी लावलं असतं तर तो फोल्ड तरी करू शकला असता. अर्ध्या शटरचं दुकान आठवा. भाडं पूर्ण, गिऱ्हाईक अर्धं.

दुसरी: ऑल-इन करणं आणि ऑल-इनला कॉल करणं एकच समजणं. एक्का-पंजा घेऊन बटणावरून स्वतः ऑल-इन करणं ठीक आहे. पण दुसऱ्याने ऑल-इन केलंय आणि तुम्ही एक्का-पंजावर कॉल करताय, तर तुमचा एक रस्ता बंद झाला. तो आता फोल्ड करणार नाही. त्याच्याकडे एक्का-गुलाम निघाला तर दहापैकी सातेक वेळा तुम्ही हरता. म्हणून पहिलं पाऊल आपण टाकत असू तर पत्ते थोडे हलके चालतात, दुसऱ्याच्या पावलावर जायचं असेल तर पत्ते भारीच हवेत.

तिसरी: बक्षिसाच्या उंबरठ्यावर घाई. स्पर्धेत समजा १० जणांना बक्षीस आहे आणि ११ उरलेत. तुमच्यापेक्षा कमी चिप्सवाला एखादा असेल तर तिथे कॉल करताना दहादा विचार करा. तुम्ही जिंकलेल्या चिप्सपेक्षा हरलेल्या चिप्सची किंमत इथे जास्त असते. हरलात तर बक्षीसच गेलं. जिंकलात तर चिप्स दुप्पट झाल्या, पण बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही.

'एक चिप आणि एक खुर्ची'

पोकरवाल्यांत एक गोष्ट नेहमी सांगतात. १९८२ ची 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर', लास व्हेगास. जॅक स्ट्रॉस नावाचा खेळाडू सगळ्या चिप्स हरला असं वाटून उठायला लागला, तर टेबलावरच्या रुमालाखाली एक चिप सापडली. त्याने ऑल-इन असं तोंडाने म्हटलं नव्हतं, म्हणून ती चिप त्याचीच राहिली. तिथून तो खेळत गेला आणि मुख्य स्पर्धा जिंकला. त्यावरून म्हण पडली, एक चिप आणि एक खुर्ची असली की आशा आहे.

गोष्ट छान आहे, मलाही आवडते. पण प्रशिक्षक म्हणून सांगतो, ही गोष्ट आपण ऐकतो कारण असं क्वचित घडतं. एका चिपवरून उठून घरी गेलेल्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. 'शेवटच्या क्षणी काहीतरी होईल' या भरवशावर दुकान चालवू नका.

जिथे पोकर आणि दुकान वेगळं होतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचं वाचून कुणी म्हणेल, "सर, म्हणजे उरलेसुरले पैसे एकदम लावून टाकू?" नाही! स्पर्धेत ऑल-इन हरलात तर तुमची फक्त प्रवेश फी गेली. चिप्स म्हणजे प्लॅस्टिक. दुकानात ऑल-इन म्हणजे बायकोचे दागिने, आईची एफडी, मुलांची फी. दुकानात हरल्यावर पुढच्या रविवारी नवीन स्पर्धा नसते.

मग घ्यायचं काय? वेळ घ्यायची. शिल्लक दहा महिन्यांची असतानाच एक मोठं, विचारपूर्वक पाऊल टाका, जेव्हा समोरचा तुमच्याशी भाव करायला तयार असतो. दोन महिन्यांची उरल्यावर निर्णय तुमचा राहत नाही. आणि दुकान बंद करणं, जागा सोडणं हासुद्धा एक फोल्ड आहे. वेळेवर केलेल्या फोल्डमध्ये पैसे वाचतात.

माझं काय झालं? त्या ३० हजारांत वह्या भरायचा नाद सोडला. फक्त ब्राऊन पेपर, लेबलं, कव्हरं आणि कंपास भरले, जे शाळेजवळच्या दुकानातून घाईत उचललं जातं. ताईकडून ५० हजार घेतले. दुकान वाचलं. पण ताईचे पैसे फेडायला दीड वर्ष लागलं आणि त्या दीड वर्षात दाजींसमोर बसताना मान खाली असायची. फेब्रुवारीत शेठकडे गेलो असतो तर हे टळलं असतं.

कायद्याचं स्पष्ट बोलतो

पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात ठेवलेला नाही. महाराष्ट्रात जुगार अड्ड्यांविरुद्धचा कायदा तर १८८७ पासूनचा आहे. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत, पण धंद्याचं भांडवल घेऊन तिथे जाणाऱ्याला मी माझ्या बॅचमध्ये बसवणार नाही. मी स्वतः हा खेळ पुण्याच्या होस्टेलवर चिंचोके लावून शिकलो. हरणाऱ्याने चहा करायचा, एवढीच बोली. तुम्हीही चिंचोकेच घ्या. गणित तेच राहतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दुकानात आत्ता हातात असलेली रोकड लिहा. उधारी आणि माल धरू नका.

२. दर महिन्याला नफ्यातून भागत नाही असा किती पैसा खिशातून जातो ते लिहा.

३. पहिल्याला दुसऱ्याने भागा. हा तुमचा 'एम'.

४. आकडा ६ च्या खाली असेल तर पुढच्या ३० दिवसांत टाकायचं एकच मोठं पाऊल कागदावर लिहा आणि ते कुणासमोर, किती पैसे घेऊन टाकणार तेही लिहा.

५. घरातले चार जण जमवा, प्रत्येकी २० चिंचोके द्या, ब्लाइंड एक आणि दोन ठेवा, दर दहा मिनिटांनी दुप्पट करा. वाट बघणाऱ्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघा.

तुमचा आकडा किती आला ते व्हिडिओखाली लिहा. रक्कम लिहू नका, फक्त आकडा. ज्यांचा ३ च्या खाली असेल त्यांच्याशी मी पुढच्या लाइव्हमध्ये आधी बोलेन.

भेटू पुढच्या रविवारी.